जुन्या चर्चमध्ये इलेक्ट्रॉनिक संगीत: पहिल्या अर्जापासून खुर्च्या परत लावेपर्यंत

गेल्या महिन्यात आमचा कार्यक्रम पार पडला. दगडी भिंतींचं, उंच कमानींचं जुनं कॅथलिक चर्च आणि त्यात ७० मिनिटांचं थेट इलेक्ट्रॉनिक संगीत. दोन सिंथेसायझर, एक मॉड्युलर संच (सुटे भाग वायरींनी जोडून बनवलेला सिंथेसायझर), एक लॅपटॉप आणि एका भागात चर्चचा पाइप ऑर्गन. श्रोते ३००. पहिल्या पाहणीपासून शेवटचा कागद हातावेगळा होईपर्यंत २३ आठवडे गेले. सुरुवातीला कुणाला विचारायचं, काय मोजायचं, कुठला खर्च आधी धरायचा, यातलं काहीच माहीत नव्हतं. असा कार्यक्रम करू पाहणाऱ्यांना निदान क्रम तरी कळावा, म्हणून घडलं तसं लिहितो आहोत.

२० आठवडे आधी

पहिल्या भेटीला वाद्यं नेऊ नका. मधल्या वाटेवर उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा आणि ती विरेपर्यंत मनात सेकंद मोजा. आमच्या चर्चमध्ये पाच भरले. पुढचे सगळे निर्णय त्या पाच सेकंदांनी घेतले असं म्हटलं तरी चालेल: किती स्पीकर, कोणता ताल, किती खर्ज, अगदी अर्जात काय लिहायचं तेसुद्धा.

त्याच भेटीत विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे चर्च अजून उपासनेत आहे का. अॅम्स्टरडॅमचं पॅराडिसो ही मुळात चर्चचीच इमारत, पण १९६८ पासून ती संगीताची जागा आहे. तशा ठिकाणी नियम सभागृहाचे. जिथे रोज मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनाविधी, होते तिथली गोष्ट पूर्ण वेगळी, आणि ती वेगळी असावी हेच योग्य आहे.

कॅथलिक चर्च असेल तर अर्जाआधी दोन मजकूर वाचून घ्या. कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, कलम १२१० सांगतं की पवित्र जागेत उपासना, भक्ती आणि धर्म यांना पोषक असेल तेवढंच करावं; जागेच्या पावित्र्याला बाधा न आणणाऱ्या इतर वापराला त्या-त्या प्रसंगापुरती परवानगी बिशप देऊ शकतात. ‘प्रसंगापुरती’ हा शब्द महत्त्वाचा. एकदा मिळालेली परवानगी पुढच्या वर्षी चालत नाही. दुसरा मजकूर म्हणजे व्हॅटिकनच्या उपासनाविषयक खात्यानं ५ नोव्हेंबर १९८७ रोजी काढलेलं चर्चमधल्या मैफलींविषयीचं पत्र. त्यात व्यवहाराच्या गोष्टी आहेत. अर्ज लेखी आणि पुरेसा आधी हवा. त्यात तारीख, वेळ, रचना आणि रचनाकारांची नावं हवीत. प्रवेश मोफत आणि सगळ्यांना खुला हवा. वादकांनी शक्यतो वेदीच्या आवारात बसू नये. परमप्रसाद, म्हणजे अभिमंत्रित भाकर, शक्य असेल तर बाजूच्या चॅपलमध्ये हलवावा. नुकसान झालं तर भरपाई, खर्च आणि जागा पूर्ववत करणं, याची हमी आयोजकांनी लेखी द्यावी. इतर पंथांत वाट निराळी असते. उदाहरणार्थ, चर्च ऑफ इंग्लंडच्या एफ १६ या कॅननमध्ये चर्चमध्ये सादर होणारं संगीत त्या जागेला शोभेल हे पाहण्याची जबाबदारी तिथल्या धर्मगुरूंवर आहे.

प्रवेश मोफत, म्हणजे तिकीटविक्रीतून खर्च निघणार नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. ते तिसऱ्या महिन्यात कळलं असतं तर कार्यक्रम तिथेच थांबला असता. निधी अनुदान आणि देणग्यांतून उभा केला. खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग ध्वनियंत्रणेचं भाडं आणि ती हाताळणाऱ्या माणसांवर गेला. त्याखालोखाल विमा, इलेक्ट्रिशियन, चर्च तापवण्याचं इंधन आणि सफाई. अनामत रक्कम वेगळी.

१८ ते ११ आठवडे आधी: अर्ज आणि वाट पाहणं

पहिला अर्ज दहा दिवसांत परत आला. कारण आमच्या ओळीतच होतं: ‘अँबियंट, उत्स्फूर्त, सुमारे तासभर.’ यावरून काय वाजणार हे कुणालाही कळणं शक्य नव्हतं. उत्स्फूर्त संगीताची यादी करता येत नाही ही अडचण खरी आहे, पण तिला उत्तर आहे. दुसऱ्या अर्जात कार्यक्रमाचे पाच भाग पाडले. प्रत्येकाची मिनिटं, वाद्यं, सुरुवातीचे आणि शेवटचे स्वर, सगळ्यात मोठा आवाज कुठे आणि किती, शब्द आहेत का, ध्वनिमुद्रित तुकडे कुठून घेतले, प्रकाश कसा असेल, हे सगळं साध्या भाषेत लिहिलं. सोबत बारा मिनिटांचा नमुना दिला. कलाकार कुठे बसतील याचा आराखडाही जोडला: वेदीच्या पायऱ्यांच्या अलीकडे, मधल्या वाटेच्या तोंडाशी, जमिनीवरच.

फादर, मग चर्चची सल्लागार समिती, मग बिशप हाउस असा तो कागद फिरला. पहिल्या अर्जापासून धरून सात आठवडे लागले. इमारत संरक्षित वारशात असल्यानं त्या खात्याचं पत्र वेगळं लागलं आणि ते बिशपांच्या परवानगीशिवाय पुढे सरकत नव्हतं. दोन्ही अर्ज एकाच दिवशी देऊन ठेवा. दुसऱ्यावर ‘पहिली परवानगी येताच प्रत जोडू’ असं लिहिलं की तो निदान नोंदवला जातो.

वाट पाहण्याच्या काळात तारखेची जाहिरात करू नका. आणि तारीख निवडताना धार्मिक दिनदर्शिका पाहा. उपवासकाळ आणि मोठ्या सणांच्या आधीचे आठवडे आम्ही विचारलेच नाहीत. आधी ठरलेला विवाह किंवा अचानक आलेला अंत्यविधी यांना आपल्यापेक्षा प्राधान्य असतं, म्हणून करारात एक राखीव तारीख घातली.

११ आठवडे आधी: मोजमाप

परवानगी हातात आल्यावर एक पूर्ण दुपार फक्त मोजायला मागितली. ही दुपार चुकवू नका.

आकारमान साधारण ७,६०० घनमीटर निघालं. घुमारा, म्हणजे आवाज ६० डेसिबलनं उतरायला लागणारा वेळ, मधल्या पट्टीत ५ सेकंद आणि १२५ हर्ट्झच्या आसपास ६ सेकंद. मोजायला जाड फुगे फोडले आणि स्पीकरमधून हळूहळू चढणारा सलग स्वर, म्हणजे साइन स्वीप, वाजवून तो मुद्रित केला. फुगा झटपट होतो पण खर्जाची माहिती नीट देत नाही. त्यासाठी स्वीपच हवा. फुग्याचे तुकडे मोजून उचला.

रिकाम्या चर्चचा आकडा मात्र खरा आकडा नव्हे. माणसं आवाज शोषतात. सबाइनचं सूत्र साधं आहे: घुमाऱ्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले आकारमान, भागिले एकूण शोषण. पाच सेकंदांवरून शोषण २४५ चौरस मीटर येतं. बसलेल्या माणसामागे मधल्या पट्टीत ०.४५ चौरस मीटर धरले तर ३०० माणसं १३५ ची भर घालतात आणि घुमारा ३.२ सेकंदांवर येतो. पण खर्जाला माणसांचा फारसा अटकाव होत नाही. तिथे माणशी ०.२ धरले तर ६ सेकंदांचे जेमतेम ४.६ होतात. भरलेल्या चर्चमध्ये वरचे स्वर खुलतात आणि खर्ज तसाच लोळत राहतो, हे कारण.

याचा तालाशी संबंध असा. मिनिटाला १२० ठोके म्हणजे दोन ठोक्यांत अर्धा सेकंद. तेवढ्या वेळात ४.६ सेकंदांचा खर्ज फक्त साडेसहा डेसिबलनं उतरतो. पुढची किक, म्हणजे ड्रमचा खर्जातला ठोका, येते तेव्हा आधीची जवळजवळ तशीच उभी असते. चार ठोक्यांत सगळ्याचा एकच चिखल. ६० ठोक्यांवर हाच उतार १३ डेसिबल होतो, आणि ते कानाला सुसह्य असतं.

स्वीपच्या वेळी दुसरं काम केलं: ३० ते २०० हर्ट्झ इतक्या संथपणे वाजवलं की एकेक माणूस चर्चभर फिरून काय थरथरतं ते ऐकू शकेल. रंगीत काचांच्या एका खिडकीत शिशाची पट्टी सैल होती, ती ५८ हर्ट्झला वाजायची. लोंबत्या दिव्याची साखळी ७३ ला. पितळी मेणबत्तीदान ११० ला. मेणबत्तीदानाखाली चर्चच्या सेवकांनी नमद्याचा तुकडा ठेवला, साखळीचं त्यांनीच पाहिलं. खिडकीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. ५८ हर्ट्झच्या आसपासची पट्टी आमच्या बाजूनं कापली आणि तो स्वर दोन रचनांतून काढून टाकला. जुन्या इमारतींच्या कंपनांसाठी डीआयएन ४१५०-३ हे जर्मन मानक अनेक ठिकाणी आधाराला घेतात. सर्वांत नाजूक इमारतींसाठी त्यातली मार्गदर्शक मर्यादा पायापाशी, १० हर्ट्झपर्यंतच्या अल्पकालीन कंपनांना, सेकंदाला ३ मिलिमीटर आहे. वारसा खात्यानं कंपनमापक लावायला सांगितलं, तो लावला.

१० ते ४ आठवडे आधी: रचना नव्यानं बांधणं

स्वीपपासून मिळालेला चर्चचा ‘ठसा’ कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये, म्हणजे खऱ्या जागेचा घुमारा कोणत्याही आवाजाला लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घातला की घरच्या हेडफोनमध्ये चर्च उभं राहतं. सगळा सराव त्यातूनच केला. मधल्या आणि वरच्या पट्टीत तो ३.२ सेकंदांपर्यंत आखूड केला, खर्ज ४.६ वर ठेवला. या एका युक्तीनं जेवढा वेळ वाचला तेवढा दुसऱ्या कशानंच नाही.

बदल बरेच झाले. सिंथमधले सगळे रिव्हर्ब (कृत्रिम घुमारे) बंद, डिले (आवाजाची उशिरा येणारी पुनरावृत्ती) जवळजवळ बंद. ते काम इमारत करणार होती. प्रत्येक स्वराचा रिलीज, म्हणजे स्वर सोडल्यावर तो विरायला लागणारा वेळ, आखूड केला, कारण शेपूट इमारतच लावते. किकची खर्जातली शेपटी छाटून ती चार ठोक्यांतून एकदाच ठेवली. ताल १ ते ४ किलोहर्ट्झमधल्या कोरड्या, बारीक टकटकींवर सोपवला. त्या पट्टीत स्पीकरकडून थेट येणारा आवाज ओळखू येतो आणि आणखी वरचे स्वर तर हवेतच विरतात. स्वरसंगती बदलायची तर दोन बदलांत किमान सहा सेकंद. शेजारचे दोन स्वर एकामागोमाग घेतले की ते एकत्रच ऐकू येतात. जिथे तो घर्षणाचा रंग हवा होता तिथे मुद्दाम घेतले, बाकी ठिकाणी काढले. थांबण्याच्या जागा वाढवल्या. अचानक तोडलेला मोठा स्वर आणि नंतरची पाच सेकंदांची उतरण हा या इमारतीतला सगळ्यात सुंदर आवाज आहे. तो ७० मिनिटांत तीनदाच वापरला.

ऑर्गनसोबतच्या भागाला वेगळी तयारी लागली. पाइपचा स्वर तापमानाबरोबर सरकतो, एका अंश सेल्सियसला सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). १८ अंशांना ४४० हर्ट्झवर मिळवलेला ऑर्गन १३ अंशांना ४३६ च्या आसपास असतो. ऑर्गन आपल्यासाठी हलवता येत नाही, सिंथ हलवायचे. पूर्ण रचनेचा पाया स्वर आयत्या वेळी एकाच खुंटीनं बदलता येईल अशी सोय पॅचमध्ये (सिंथच्या जोडणीत) आधीच करून ठेवा.

६ आठवडे आधी: वीज, जमीन, विमा

चर्चच्या इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन प्रत्येक सॉकेट कोणत्या एमसीबीवर आहे ते शोधलं. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सर्किटवर ३,६८० वॅटच मिळतात, आणि आम्हाला दाखवलेली तीन सॉकेट एकाच सर्किटवर होती. त्याच सर्किटवर ऑर्गनला हवा देणारी मोटरही. ध्वनी आणि प्रकाश वेगळ्या सर्किटांवर घेतले. ध्वनीचं सगळं एकाच ठिकाणाहून. लॅपटॉप आणि मिक्सरमध्ये गुणगुण आली तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे दोन उपकरणांचे विजेचे मार्ग वेगळे ठेवणारी डबी, घाला. प्लगची अर्थिंग कधीही काढू नका. आमची एक गुणगुण मात्र कशानंच जाईना. शेवटी सापडलं: श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी जमिनीत टाकलेली इंडक्शन लूप. मॉड्युलरमधल्या कॉइल पिकअपमध्ये (चुंबकीय लहरी टिपणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात) ती शिरत होती. लूप बंद करणं म्हणजे काही श्रोत्यांचं ऐकणं बंद करणं, म्हणून लूप चालू ठेवली आणि तो पिकअप काढून टाकला.

फरशीखाली जुन्या कबरी आणि पोकळ तळघर होतं. जड पेट्या नेमक्या कुठे ठेवायच्या हे वारसा खात्याच्या अभियंत्यांनी खडूनं नव्हे, कागदी खुणांनी दाखवलं. प्रत्येक पेटीखाली नमदा, त्यावर प्लायवूड. काळं रबर दगडावर डाग पाडतं, त्यामुळे रबरी पाय थेट फरशीवर नकोत. गॅफर टेप दगडाला, लाकडाला, चुन्याच्या गिलाव्याला कुठेच नाही. वायरींवर जड गालिचाच्या पट्ट्या टाकल्या. धुराचं यंत्र मागितलंही नाही: त्याचा थर चित्रांवर बसतो आणि किरणांवर चालणारे धूरसूचक वाजतात. दिवे एलईडी, जुन्या चित्रांवर ५० लक्सच्या आत.

विम्याचं थोडक्यात: तिसऱ्या पक्षाची जबाबदारी, इमारतीचं नुकसान आणि भाड्याच्या सामानाचं नुकसान हे तीन वेगळे मुद्दे आहेत. पॉलिसीत तिन्ही शब्दांत लिहिलेले आहेत का ते पाहा. आमच्या पहिल्या मसुद्यात दुसरा नव्हता.

३ आठवडे आधी: माणसं किती

अग्निशमन पाहणीत आसनसंख्या ३४० वरून ३०० झाली, कारण बाजूचा दरवाजा आत उघडतो. तो पूर्ण वेळ उघडा आणि माणूस उभा करून ठेवावा लागला.

गर्दीचा विचार गांभीर्यानं करा. १३ डिसेंबर १९७४ रोजी टँजरिन ड्रीम या जर्मन गटाची फ्रान्समधल्या रीम्स कॅथेड्रलमध्ये मैफल झाली. जागेला पेलवेल त्याहून कितीतरी जास्त लोक आले, स्वच्छतागृहांची सोय अपुरी पडली आणि नंतर कॅथेड्रलच्या पावित्र्यभंगावरून मोठा वाद झाला. पुढच्या वर्षी हाच गट कॉव्हेंट्री कॅथेड्रलमध्ये वाजला, म्हणजे दारं कायमची बंद झाली नाहीत. पण जुन्या चर्चमध्ये ३०० माणसांसाठी एकच स्वच्छतागृह असतं हे लक्षात ठेवून शेजारच्या शाळेची सोय लेखी मागून घेतली.

कार्यक्रमाचा दिवस

सकाळची मिस्सा संपल्यावर १० वाजता आत. सामान हलवण्याआधी बाकं, खुर्च्या, फुलदाण्या, फरशी यांचे ६० फोटो.

स्पीकर उभ्या स्तंभासारखे, वरच्या दिशेला कमी सांडणारे निवडले. छताकडे गेलेला प्रत्येक डेसिबल घुमारा बनून परत येतो. रिकाम्या चर्चमध्ये सगळीकडे सारखा आवाज फेकणाऱ्या स्पीकरपासून २.२ मीटरच्या पुढे थेट आवाजापेक्षा घुमाराच वरचढ होतो. आवाज एकाच दिशेला दहापट एकवटणाऱ्या स्पीकरसाठी हे अंतर ७ मीटर येतं. म्हणून दोन मोठ्यांऐवजी सहा छोटे, वाटेच्या दोन्ही बाजूंनी, हळू आवाजात. १६ मीटरवरच्या जोडीतून आवाज ४७ मिलिसेकंद उशिरा सोडला आणि वर ११ ची भर, म्हणजे आवाज समोरूनच येतोय असं वाटतं. सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, दोनच.

दुपारी ३ ला साउंड चेक. रिकाम्या चर्चमध्ये तो कानाला वाईटच लागतो. तेव्हा घाबरून खर्ज वाढवू नका आणि वरचे स्वर चढवू नका. माणसं आल्यावर चित्र पालटतं. आवाज मिक्सरपाशी ८८ डेसिबलच्या आत ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सुचवलेली कमाल मर्यादा १५ मिनिटांच्या सरासरीनं १०० आहे, पण इतक्या घुमाऱ्यात ८८ सुद्धा भरपूर होतात.

वादकांनी हेडफोन किंवा इन-इअर लावूनच वाजवावं. इमारतीतून परत येणाऱ्या आवाजावर ताल धरला तर प्रत्येक ठोका मागे ओढला जातो.

मॉड्युलर ५ वाजताच चालू करून ठेवला. १३ अंशांच्या थंडीत ऑसिलेटर, म्हणजे स्वर तयार करणारे भाग, स्थिर व्हायला पाऊण तास लागला. सप्तकाला एक व्होल्ट या हिशेबात एका अर्धस्वराला, म्हणजे सेमिटोनला, फक्त ८३ मिलिव्होल्ट असतात. थोडा सरकला तरी ऐकू येतो. आणि इथे एक गोष्ट आमच्या हिशेबातून सुटली होती. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो. ३०० माणसं म्हणजे ३० किलोवॅट. चाळीस मिनिटांत तापमान अडीच अंशांनी चढलं, ऑसिलेटर एकीकडे सरकले आणि ऑर्गन दुसऱ्या वेगानं. ऑर्गनचा भाग चौथा होता. त्याआधीच्या लांब उतरणीत हेडफोनवर सूर पुन्हा मिळवता आला, केवळ पाया स्वराची ती एक खुंटी होती म्हणून. पुन्हा करायचं झालं तर ऑर्गनचा भाग पहिला ठेवू.

हीटरचे पंखे सुरुवातीच्या अर्धा तास आधी बंद केले. त्यांची घरघर हळू भागांत सरळ ऐकू येते. घड्याळाचे टोले बंद करायचं सेवकांना आठवड्याआधी सांगितलं होतं आणि दुपारी पुन्हा विचारलं. बरं झालं, कारण तासांचे बंद होते, पाव तासांचे चालू होते.

शेवटचा स्वर विरल्यावर टाळ्या लगेच पडू नयेत म्हणून हात वाद्यांवरून उचलायचे नाहीत असं ठरलं होतं. पूर्ण उतरण ऐकू आली. टाळ्यांनंतर श्रोत्यांना विनंती केली की २० सेकंद हालचाल न करता बसा, आणि एक स्वीप वाजवला. भरलेल्या चर्चचा आकडा मिळाला: मधल्या पट्टीत ३.४ सेकंद, खर्जात ४.८.

नंतर

आवरायला साडेतीन तास. फोटो समोर ठेवून प्रत्येक खुर्ची जागेवर गेली, कारण सकाळी ७ ला मिस्सा होती. चौथ्या दिवशी सेवकांसोबत पाहणी, कंपनमापकाचा अहवाल (सर्वांत जास्त नोंद सेकंदाला ०.४ मिलिमीटर), मग बिशप हाउसला दोन पानी पत्र, रचनांची यादी हक्कशुल्क गोळा करणाऱ्या संस्थेला. अनामत तिसऱ्या आठवड्यात परत आली. तिच्या पावतीसोबत दोन्ही मोजमापांच्या फाइली, रिकाम्या आणि भरलेल्या चर्चच्या, आणि ५८, ७३, ११० हर्ट्झची नोंद फादरांकडे दिली. पुढचा गट त्यांच्यावर सराव करू शकेल.